ओट्यावरचे गुरुवार

"काका, तुमाला होऊन गेलाय," हातातल्या यादीवरून नजर न उचलता शुभदा सिस्टर म्हणाली.

वाचनालयाच्या रजिस्टरात तारीख टाकता टाकता बन्सीधर थांबले. "काय होऊन गेलंय?"

"करोना. डिसेंबरात तुमच्या वॉर्डातल्या लोकांचं रक्त नेलं न्हाई का आमी? त्याचा रिपोर्ट आलाय. तुमच्या रक्तात अँटीबॉडी निघाल्यात."

"पण मला ताप न्हाई, खोकला न्हाई. सबंध वर्षात साधी शिंक आली न्हाई."

"लय जणांचं असंच निघालंय. कधी आला, कधी गेला, कळलंबी न्हाई. नशीब चांगलं तुमचं." तिने त्यांच्या नावापुढे खूण केली आणि ती पुढच्या घराकडे निघून गेली.

बन्सीधरांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी मनातल्या मनात डिसेंबरापासून मागे जायला सुरुवात केली. दिवाळी, दसरा. भाद्रपदापाशी येऊन ते अडकले.

टाळेबंदीत जिंतूरच्या या वाचनालयाला कुलूप लागलं, तेव्हा त्यांना हात गळाल्यासारखं झालं होतं. अठ्ठावीस वर्षं ते या टेबलामागे बसत आले होते. बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. माणूस ओळखून त्याच्यापुढे पुस्तक सरकवणं तेवढं जमायचं, आणि तेही बरोबर सरकवलं का, या शंकेत त्यांची संध्याकाळ जायची. कुलूप लागून आठवडा झाला नाही तोच वाचनालयाचे जुने वाचक भागवतराव यांचा फोन आला. त्यांना ऐकू यायचं नाही; आपलं सांगून ते फोन ठेवायचे. "बन्सीधर, मी करोनानं न्हाई मरायचो. वाचायला न्हाई म्हणून मरंन."

तेव्हापासून दर गुरुवारी बन्सीधर दोन पुस्तकं पिशवीत घालून सायकलीवरून त्यांच्याकडे जाऊ लागले. पुस्तकांतून रोग जाऊ नये म्हणून आधी चार दिवस ती गच्चीवर उन्हात पसरायचे. त्यांची बायको छबूबाई करवादायची. "माझ्या कुरडया एका कोपऱ्यात आन् तुमची पुस्तकं गच्चीभर. त्यांनाबी तळायचंय का?"

भागवतराव जिनिंगमध्ये ग्रेडर होते. चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी सांगायचे. पुस्तक हातात आलं तरी आधी पान अंगठ्याने चोळून बघायचे. तीस वर्षं यंत्रांच्या आवाजात गेल्यामुळे त्यांचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं समजून घ्यायचे. पहिल्याच गुरुवारी त्यांनी बन्सीधरांना सांगितलं, "ते फडकं काढ तोंडावरचं. तुझं तोंड दिसल्याबिगर मला शब्द कळत न्हाई."

"साथ हाय, भागवतराव."

"मग लांब बस. पण काढ."

ते ओट्याच्या दोन टोकांना बसले. आषाढापर्यंत दोघांमध्ये चांगलं दोन हात अंतर होतं. श्रावण संपेस्तोवर ते वीतभर उरलं. आयुष्यात बन्सीधर एवढं कधी बोलले नव्हते. कुणीतरी आपल्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघतंय, ही गोष्टच त्यांना नवी होती. घरी परतताना ते स्वतःलाच जरा वेगळे वाटायचे. सायकल नेहमीपेक्षा वेगाने चालायची.

भाद्रपदात भागवतरावांना ताप आला. परभणीच्या दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशी ते गेले. सगळे विधी तिकडेच उरकले. बन्सीधरांना त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही. पुढचे चार महिने त्यांनी एकाच गोष्टीचा आधार धरला होता. आपण पुस्तकं उन्हात ठेवली होती. आपल्या हातून काही गेलेलं नाही.

आज तो आधार सुटला. पुस्तकं राहिली बाजूला. तोंड उघडं टाकून तासतासभर तिथे आपण बसलो होतो.

पाच दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते भागवतरावांच्या गल्लीत गेले. या गल्लीत पाऊल टाकून त्यांना चार महिने झाले होते. ओट्यावर त्यांची मुलगी मनिषा तीळ निवडत बसली होती. परभणीला एका लॅबमध्ये ती रक्ततपासणीचं काम करायची, सणाला आईकडे आली होती. भागवतरावांच्या पत्नी सत्यशीलावहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

बन्सीधर बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी रिपोर्टचं सांगितलं. "मला काहीच झालं न्हाई, वहिनी. पण होऊन गेलाय म्हणं. मी दर गुरुवारी येत होतो. मास्क काढून बसत होतो. म्हणून सांगायला आलो."

मनिषाने तिळाचं ताट बाजूला सरकवलं. ती म्हणाली, "काका, त्यावरून कधी झाला ते कळत न्हाई. बाबांच्या आधी का नंतर, कोणी सांगू शकत न्हाई."

"पण असू शकतं."

"असू शकतं," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही. "ज्यांना ताप येतो, त्रास होतो, त्यांच्या रक्तात बहुतेक वेळा अँटीबॉडी जास्त असतात. ज्यांना काहीच होत न्हाई, त्यांच्यात कमी असतात, लवकर उतरतातबी. अजून दोन-तीन महिन्यांनी रक्त नेलं असतं तर कदाचित दिसलंच नसतं."

"म्हंजे मला कळलंच नसतं?"

"न्हाई."

बन्सीधरांनी मान खाली घातली. न कळणं बरं झालं असतं का, हे त्यांना ठरवता येईना.

"माझ्याबी निघाल्यात," सत्यशीलावहिनी म्हणाल्या. "दिवाळीला परभणीत होते, तवा हिनं बघितलं. मलाबी काय झालं नव्हतं. श्रावणात मी माहेरी मयतीला गेले होते. ते नको म्हणत होते तरी गेले. तिथं गळ्यात पडून रडले सगळ्यांच्या. घरी येऊन ह्यांच्यासाठी भाकरी टाकल्या. हिनं सांगितलं त्या दिवशी चार घास उतरले न्हाईत."

"वहिनी, तुम्ही कशाला मनाला..."

"मला समजावू नका, भाऊजी. मीबी तुमाला समजावत न्हाई. तुमचं तुमी वागवा, माझं मी वागवते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "बसा आता. उभं किती राहाल?"

बन्सीधर ओट्याच्या कडेला टेकले. मनिषा चहा टाकायला आत गेली.

"एक विचारते. दर गुरुवारी एवढा येळ तुमी काय बोलायचे?" वहिनींनी विचारलं. "मला ते बाहेर येऊ द्यायचे न्हाईत. साथ हाय, आत बस म्हणायचे, दार ओढून घ्यायचे. आतून नुसतं हसलेलं ऐकू यायचं. शब्द काय यायचे न्हाईत."

बन्सीधरांना कुठून सुरुवात करावी कळेना. "एका गुरुवारी त्यांनी तुमच्या सायकलचं सांगितलं होतं. नवीन लग्न झालेलं. जिनिंग बंद असताना त्या मैदानात तुम्हाला सायकल शिकवली, आणि तुम्ही सरकीच्या ढिगात जाऊन पडलात."

"मी न्हाई पडले. ते पडले. मागून कॅरिअर धरून पळत होते."

"मला म्हणाले, तुम्ही पडलात."

"तसंच म्हणणार ते. डोक्यात सगळी सरकी गेली होती त्यांच्या, घरी येऊन मी कंगव्यानं काढली." वहिनींनी पदर तोंडाशी नेला. हातात कप घेऊन आलेली मनिषा दारातच थबकली. आई सायकलवर बसली होती, हे तिला माहीतच नव्हतं.

वहिनी चौकट सोडून बाहेर आल्या आणि ओट्यावर बसल्या. "मग? पुढं काय म्हणाले?"

ऊन समोरच्या भिंतीवर चढत गेलं. बन्सीधर सांगत राहिले. कुठे चुकलं की वहिनी दुरुस्त करायच्या, आणि ते पुन्हा मागे जाऊन तिथून सुरुवात करायचे.