अर्धी जोडी

शाळा तुम्ही बंद केलीत. एकदाही हा चढ न चढता, खुर्चीत बसून. पोरं कमी आहेत म्हणालात, कुलूप धाडलंत आणि खालच्या शाळेत घाला म्हणून मोकळे झालात. खालची शाळा नदीपलीकडे, वाट जंगलातून आणि जंगलात बिबट्या. तुमचं लेकरू त्या वाटेने पाठवलं असतंत?

कुमाऊंच्या त्या डोंगरावर जसुली आणि परुलीची घरं एकाच दगडी अंगणाला लागून. शेतं म्हणजे डोंगरात खोदलेल्या पायऱ्याच. ओढ्याकाठी भात, वरच्या अंगाला नाचणी आणि कुळीथ, बांधावर भोपळे. एकीकडे म्हैस, दुसरीकडे गाय, आणि ताकाचं भांडं या चुलीवरून त्या चुलीवर. बैल मात्र एकेकच. जसुलीचा रतुवा, परुलीचा चनुवा. एवढ्याशा रानाला अख्खी जोडी पोसणं कुणालाच झेपत नाही, म्हणून दोन घरांत मिळून एक जोडी, ही तिथली रीत. नांगर धरायचा परुलीच्या नवऱ्याने, हयातसिंगने. बाईने नांगराला हात लावला तर देव कोपतो. जसुलीचा नवरा दिल्लीला हॉटेलात भांडी घासतो. "तुझा नवरा वर्षातून एकदा येतो हात लावायला, तोही नांगराला नाही," असं परुली म्हणायची, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटायच्या.

जेठ महिना सरत आला तेव्हा हयात अंगणात येऊन उभा राहिला.

"भौजी, आम्ही खाली हल्द्वानी शहरात चाललो. आमच्या दीपाला तिथल्या शाळेत जागा मिळालीय."

"भाताची लावणी होऊ दे, मग जा."

"महिना संपला की जागा जाते, भौजी. ते थांबायचे नाहीत."

"आणि चनुवा?"

हयात पायाने माती उकरत राहिला. "ठरलाय. उद्या गिऱ्हाईक येतंय."

"मग रतुवाच्या जोडीला कोण, मी उभी राहू?"

"तू नको गं दिदी," परुली दारातून म्हणाली, "तू त्याला शिव्या घालून पळवशील." तिला हसायचं होतं, पण ते काही जमलं नाही.

गावात तिसरा बैल नव्हता. बाकीच्या घरांना कुलपं, नाहीतर एकेक म्हातारी. लावणीला त्या येतील, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, ही सावड अजून चालत होती. पण चिखल कोण करणार? भात गेलं की वर्ष गेलं. म्हैस जाणार, मग जसुलीही जाणार, दिल्लीला, त्याच हॉटेलामागच्या खोलीत.

त्या दिवशी गुरं चारायची पाळी तिचीच होती. वर बांज झाडांच्या रानात एक जुना गोठा आहे, ओस पडलेला. तिने चनुवाला तिथे बांधलं. कोवळा पाला तोडून पुढ्यात टाकला, पाठीवर हात फिरवला. गिऱ्हाईक वैतागून परत जाईल. हयात दोन-चार दिवस बैल शोधेल. तेवढ्यात पाऊस पडेल, शेतात पाणी उभं राहील, आणि तो नांगर धरेल. जनावर हरवलेलं असताना कुणी गाव सोडत नाही. एवढाच तिचा विचार. त्यापुढे ती गेलीच नाही.

संध्याकाळी एकटा रतुवा घेऊन उतरली.

"तुझा आला, आमचा कुठाय?" परुलीने विचारलं.

"फुटला वाटेत कुठेतरी. येईल."

हयात अंधार पडेपर्यंत हाका मारत हिंडला. रतुवा दावं ताणून डोंगराकडे तोंड करून हंबरत होता. दीपा जसुलीच्या उंबऱ्यात येऊन बसली. "काकी, चनुवा अंधाराला भितो."

तेव्हा सांगता आलं असतं. कंदील घेऊन चौघं गेली असती आणि घेऊन आली असती. जसुलीने पोरीच्या हातावर भाकरी ठेवली आणि चुलीत फुंकर घालत बसली.

सकाळी जुन्या गोठ्यावर कावळे दिसले.

हयात परतला तो हातात दोर घेऊन. भिमलच्या झाडाच्या सालीचा, मध्ये काळ्या बकरीच्या केसांचा पीळ. असा दोर गावात एकटी जसुलीच वळते. त्याने तो अंगणात ठेवला. आवाज चढवला नाही.

"सुटता आलं असतं तर बिबट्यापुढून पळाला असता तो, भौजी."

परुली धावून आली आणि मधेच थांबली. "एवढंच होतं तर माझ्या गळ्यात बांधायचा होतास ना दोर. थांबले असते मी!"

न्याय देणाऱ्या गोलू देवाच्या देवळापाशी उरलंसुरलं गाव जमलं. देवासमोर जसुलीने सगळं सांगितलं. मीच बांधला. मीच खोटं बोलले.

"अगं, निदान दार तरी लावायचंस!" म्हातारी पनुली आमा कळवळून ओरडली.

"दार कुठलं, आमा? गेल्या थंडीत त्याची लाकडं आपणच जाळली."



हयात-परुली निघाली तेव्हा जसुली रस्त्यापर्यंत ट्रंक घेऊन गेली. परुलीने ट्रंक घेऊ दिली, पण तिच्याकडे बघितलं नाही. दीपाने जीपमधून हात वर केला. आईने तो खाली ओढला.

मग पाऊस आला. शेतात पाणी उभं राहिलं. म्हाताऱ्या सावडीला आल्या, कुदळी घेऊन, कारण जसुलीही त्यांच्या शेतात राबली होती. गुडघाभर पाण्यात वाकून त्यांनी एक पायरी खणली. दुसरीच्या मध्यावर पनुली आमा बसली ती उठेना. तिला पाठीवर घेऊन जसुली वर आली. बाकीच्या शेतात नुसतं पाणी, त्यात ढग.

आता तुमच्या कागदावर आणखी एक घर कमी झालं. पुढच्या वर्षी जसुलीचंही होईल, आणि तुम्ही म्हणाल, बघा, माणसंच राहत नाहीत तिथे.

जसुलीने देवासमोर उभं राहून सांगितलं, दोर मी बांधला. शाळेला कुलूप कुणी घातलं? नाव सांगा.