सणाला यजमान बसत नाही

संत निकोलाच्या सणाला चार दिवस उरले होते आणि माझ्या नवऱ्याच्या कमरेत उसण भरली. खारवलेल्या कोबीचं पिंप हलवताना भरली, असं तो सांगतो. साफ खोटं. पिंप हलवलं सकाळी. कंबर धरली संध्याकाळी, आमच्या ओब्रेनचा शहरातून फोन आल्यावर. पोरगं एवढंच म्हणालं, "बाबा, यंदा यजमान म्हणून मी उभा राहतो. तुम्ही आरामात बसा."

रातोमिरने फोन ठेवला, बूट काढायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

घरच्या संताच्या सणाला आमच्याकडे यजमान बसत नाही. पाहुणे जेवतात, तो दिवसभर उभ्याने वाढतो, प्याले भरतो. जो बसला त्याची सद्दी संपली, पुढचे सण मुलाचे. रातोमिर चौतीस वर्षं उभा आहे. चारचौघांत बसायची पाळी आली तर हा माणूस हाय खाईल, अशी मला खरोखर भीती वाटत होती.

तीन दिवस तो पलंगावरून हलला नाही. "वाऱ्याचा झोत लागला," म्हणे. आमच्या गावात समोरासमोरची दोन दारं उघडी राहिली की त्या झोताने दात ठणकतात, मान धरते आणि ठरलेली लग्नंही मोडतात. शेजारच्या स्ताना आजीने येऊन त्याच्या कमरेला डुकराची चरबी चोपडली, कोबीची पानं बांधली, वर सशाचं कातडं लावलं. "हलू नकोस," तिने बजावलं, "हललास की मणका निसटलाच." हा इतका आज्ञाधारक की कूस बदलायलाही मला हाक मारू लागला. संसारात एवढं ऐकलं असतं तर माझं सोनं झालं असतं.

सणाच्या आदल्या दिवशी ओब्रेन आणि सून तेओदोरा आले. तेओदोरा फिजिओथेरपिस्ट आहे. दुखणेकऱ्यांना चालायला लावणं हीच तिची नोकरी. तिने कोट काढायच्या आधीच चौकशी सुरू केली.

"बाबा, पाय बधिर होतात का? ताप आला होता? लघवीला काही त्रास?"

"स्तामेंका," तो मला म्हणाला, "सून मला लघवीचं विचारतेय."

"मग सांगून टाक. मला काय विचारतोस?"

"नाही काही त्रास," तो भिंतीला म्हणाला.

तिने त्याचे पाय उचलून, दाबून पाहिले. "मग काही निसटलेलं नाही. स्नायू घाबरून आवळलेत. पडून राहाल तितके ते आणखी आखडतील. उठा, थोडं थोडं चाला. दुखेल, पण दुखलं म्हणजे काही मोडलं असं नाही."

"माझे स्नायू कुणाला घाबरत नाहीत. आणि ते दार लाव आधी."

सकाळी ओब्रेनने बापाचं जाकीट चढवलं आणि वाइनची सुरई हातात घेतली. पहिला पाहुणा आला तो रातोमिरचा मानलेला भाऊ मिलिसाव. त्याचा आवाज म्हणजे दवंडीच. "काय रे ओब्रेन, आता तू यजमान का?"

आतल्या खोलीत पलंग करकरला. मग कण्हणं, मग शिव्या, आणि भिंत धरधरत रातोमिर दारात हजर. कोबीचं एक पान सदऱ्याखालून लोंबत होतं.

"आण ती सुरई," तो म्हणाला. "अर्धे प्याले भरतोस, घरात दुष्काळ पडलाय?"

पाहुणे जमले आणि प्रत्येकाकडे रामबाण उपाय. मिलिसाव म्हणाला मधमाश्या डसवून घे. निवृत्त पोस्टमन म्हणाला तापलेली वीट. त्याच्या बायकोने तर पिशवीतून वाळकी खाजकुयली काढली. यजमानाला पाहुण्यावर डाफरता येत नाही. मग काय, उपाय निघाला की रातोमिर दुसऱ्या टेबलाकडे सटकायचा, तिथे दुसरा निघाला की ओसरीवर. सकाळपासून त्याने घराला किती फेऱ्या घातल्या कोण जाणे. तेओदोरा येता-जाता पुटपुटायची, "श्वास रोखू नका. वजन अंगाशी धरा." तो ऐकलं नाही असं दाखवायचा आणि तसंच करायचा. दुपारपर्यंत तो ताठ झाला होता, माशांच्या रश्श्याचं भांडं स्वतः उचलून आणत होता.

ओब्रेन मात्र बाप पडला तर सावरावं म्हणून सकाळपासून कोपऱ्यात पहारेकऱ्यासारखा उभा. तीन वाजता त्याने कमरेवर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"एका जागी खांबासारखा उभा राहिल्यावर काय होणार?" रातोमिर म्हणाला. "फिर जरा. श्वास रोखू नकोस. दुखलं म्हणजे मोडलं असं नाही."

तेओदोराने माझ्याकडे पाहिलं. मी घाईने पाव कापायला लागले.

"बाबा, तुम्ही हे चौतीस वर्षं कसं केलंत?" ओब्रेन हळूच म्हणाला. "तुम्हाला त्रास होतो म्हणून मी फोनवर तसं म्हणालो. तुम्हाला बाजूला सारायला नाही."

रातोमिरने सुरई मुलाच्या हातात दिली, मिलिसावच्या शेजारची खुर्ची ओढली आणि तो बसला.

माझ्या हातातली सुरी तशीच थांबली.

"पुन्हा कंबर धरली का रे?" मिलिसावने विचारलं.

"नाही," रातोमिर म्हणाला. "आता अजिबात दुखत नाही. म्हणून तर बसलोय."