अब्बांचा हात

पनवेलच्या मोहल्ल्यात अब्दुल्लाचाचांच्या पतंगाशी भिडायची कुणाची टाप नव्हती. वारा पडलेला का असेना, गच्चीवरून ठुमक्या मारत ते पतंग असा चढवायचे की शेजारचे आपल्या फिरक्या गुंडाळून बघत बसायचे. अबरार आणि ताहिरा, दोन्ही लेकरांना त्यांनी तीच विद्या दिली होती. पतंग झुकला की खेच, पुन्हा खेच.

अबरार नोकरीसाठी दुबईला गेला आणि भलत्याच पतंगाच्या नादी लागला. पायाखाली फळी घ्यायची आणि खोलीएवढ्या पतंगाच्या जोरावर समुद्रावरून धावायचं. "इतका मोठा झालास, पतंग कसले उडवतोस?" चाचा फोनवर करवादायचे. "एकदा बघा तरी, अब्बा," तो म्हणायचा. ते बघायचं राहूनच गेलं. गेल्या हिवाळ्यात अबरार झोपेतच गेला. दफनही तिकडेच झालं. लेकाच्या कबरीत तीन मुठी माती टाकणंही बापाच्या नशिबी आलं नाही. तेव्हापासून चाचा गच्चीवर चढले नव्हते.

दुबईत अबरारच्याच खोलीत राहणारा तौसीफ सुट्टीवर येताना तो पतंग घडी करून घेऊन आला. चाचांनी एकच मागितलं. "माझ्या पोराचा पतंग एकदा वर उभा राहिलेला दाखव, बेटा." तो उडवायचा हट्ट ताहिराने धरला. आणि आता तौसीफ उद्या परत निघणार होता.

खाडीकाठच्या भरावाच्या मैदानावर संध्याकाळी वारा कसाबसा होता. मागे खारघरचे टॉवर उभे होते. तौसीफने पंपाने पतंगाच्या कडेत हवा भरली, ताहिराच्या कमरेला पट्टा बांधला आणि चार दोऱ्यांचा दांडा तिच्या हातात दिला. पतंग डोक्यावर गेला, क्षणभर थबकला आणि झुकू लागला.

"खेच! ठुमकी दे!" चाचा ओरडले.

ताहिराने दांडा छातीशी ओढला. पतंग मागच्या मागे कोसळला. दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही तेच. आता उरलासुरला वाराही जाणार म्हणून चाचांचा जीव खालीवर होऊ लागला.

तौसीफ चाचरत म्हणाला, "चाचा, राग मानू नका. याला खेचलं की याच्यातला वाराच मरतो. झुकायला लागला की दांडा पुढे सोडायचा. आणि मंद वाऱ्यात त्याला एका जागी ठेवायचं नाही, इकडून तिकडे फिरवत राहायचं." मग खाली बघत तो पुढे बोलला, "अबरारही सुरुवातीला असाच पाडायचा. म्हणायचा, हातात अब्बांचा हात बसलाय, तो सुटत नाही."

इतक्या दूर, परक्या समुद्रावर पोरगा आपला हात घेऊन उभा होता आणि आपण इथून त्याच्यावर खेकसत होतो, या विचाराने चाचांना भडभडून आलं.

"ताहिरा," ते शेवटी म्हणाले, "माझं नको ऐकूस. सोड."

पतंग पुन्हा झुकला. ताहिराचे हात सवयीने आत यायला निघाले, पण तिने दात आवळून दांडा पुढे जाऊ दिला. पतंग सावरला. ती मागे सरत गेली, दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि तो टॉवरच्या वर डावीकडून उजवीकडे संथ फिरू लागला. "अब्बा, बघा!" ती रडत ओरडली. चाचा बघत होते. डोळे पुसायलाही त्यांनी मान खाली घातली नाही.

वारा पडला तेव्हा पतंग हळूच जमिनीवर टेकला. हवा काढून घडी घालताना कडेच्या शिवणीतून बारीक, पिवळसर वाळू गळली. इकडची माती तर काळी.

"तिकडची आहे," तौसीफ पुटपुटला. "त्याला जिथे ठेवलं ना, तिथेही हीच."

चाचा खाली बसले. त्यांनी ती वाळू ओंजळीत गोळा केली. बोटांनी भरावात एक लहानसा खळगा केला. ओठ पुटपुटू लागले. थोडी वाळू त्यांनी आत सोडली, मग उरलेली सोडली. तिसऱ्या मुठीला वाळू शिल्लकच नव्हती. चाचांनी रिकामी मूठ खळग्यावर धरली, बराच वेळ आवळून ठेवली आणि मग उघडली.