हरकत नाही

"मुलींचे पालक कोण?" विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"आणि संशोधन कोण करणार?"

"तेही मीच."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. अगदी सभ्य हसले, तोंडातलं बिस्किट सांडणार नाही इतपत. माझा निकाल लागल्याचं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी मुलींच्या निवारागृहाची अधीक्षिका आहे, बरीच वर्षं. घरातून पळून आलेल्या, अठरा पूर्ण न झालेल्या मुली आमच्याकडे येतात आणि आल्या दिवसापासून कागदोपत्री त्यांची पालक मी होते. मग काही महिन्यांनी एक मंडळ बसतं आणि मुलीला घरी परत पाठवायचं की नाही ते ठरवतं. मंडळ आईवडिलांना विचारतं, पोलिसांना विचारतं, डॉक्टरांना विचारतं, एकदा तर शेजाऱ्यांनाही बोलावून विचारलं होतं. मुलीला विचारत नाही. ती लहान, तिला काय कळतंय! दर वेळी मी तिथे जाऊन भांडते आणि दर वेळी मंडळाच्या अध्यक्षबाई मला समजावतात, "तुमच्या भावना पोचल्या हो, पण अभ्यास कुठेय? पुरावा कुठेय?"

म्हणून चाळिशी उलटल्यावर मी समाजकार्यातल्या पीएच.डी.ला नाव घातलं. नावामागे डॉक्टर लावून मिरवायची मला काडीची हौस नव्हती. मला त्या बाईंच्या टेबलावर आपटायला एक जाडजूड थिसिस हवा होता.

पहिल्याच दिवशी आमच्या गाइड मॅडमनी काय सुंदर भाषण केलं! म्हणाल्या, एम.एस.डब्ल्यू. झालेला माणूस समोरची केस हाताळतो, पण पीएच.डी. करणाऱ्यानं विचारायचं की अशा केसेस होतातच का. तुम्ही नवं ज्ञान निर्माण करायचं, धोरणं बदलायची, पुढच्या पिढीला शिकवायचं. मी खुळ्यासारखी मान डोलावत होते. मग मी कोर्सवर्क केलं, माझ्या निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून संख्याशास्त्र गिळलं, पात्रता परीक्षा दिली, दोन पेपर छापून आणले. सांगतील त्या प्रत्येक अटीला हो म्हटलं. विषय होता, घरी परत पाठवताना मुलीला कोण विचारतं. मॅडम म्हणाल्या, "अशा विषयासाठीच तर पीएच.डी. असते!"

आणि आता कमिटी म्हणत होती की अठराच्या आतल्या मुलीची मुलाखत घ्यायची तर पालकांची संमती लागते, आणि पालकानं स्वतःच संशोधक होऊन चालत नाही. मुलगी त्याला नाही म्हणू शकणार नाही.

खोटं कशाला बोलू, नियम चुकीचा नव्हता. माझ्या छपराखाली राहणारी पोर मला नाही म्हणताना दहादा विचार करणारच. मी म्हटलं, मान्य आहे, मग सहीचा अधिकार दुसऱ्या कुणाला द्या. तर एक सदस्य पेन्सिलीशी खेळत म्हणाले, "मग खऱ्या आईवडिलांची संमती आणा ना. सोपं आहे."

"ज्यांच्यापासून मुली पळाल्यात त्यांची?"

"फोनवरून घेतली तरी चालेल."

माझं डोकं असं फिरलं, की मी तिथे काय काय बोलले ते मॅडमना नंतर कमिटीची माफी मागून निस्तरावं लागलं. शेवटी मला सांगण्यात आलं, पद सोडा नाहीतर विषय सोडा. पद सोडलं असतं तर माझ्या खुर्चीवर कोण बसणार ते ठरलेलं होतं. त्या गृहस्थांचं ठाम मत आहे, की पोरींचा राग घरचं दोन दिवस जेवलं की उतरतो. मी विषय सोडला.

"घरात एक डॉक्टर होणार होती, तीही गेली," आई म्हणाली. मग माझं तोंड बघून घाईघाईनं, "बरं झालं बाई. आता निदान जेवताना तरी आकडे ऐकवू नकोस."

त्या सुमाराला आमच्याकडे वकील होती. सतरा वर्षांची पोर, पण बाथरूमचा दिवा कुणी आणि का घालवायचा यावरसुद्धा मुद्देसूद भांडायची, म्हणून मुलींनी तिचं नाव वकील ठेवलं होतं. तिचं प्रकरण मंडळापुढे जायची वेळ जवळ आली होती. ती घरून का पळाली, ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आमच्याकडे मुलींना समोर बसवून काही विचारत नाहीत. धुतलेल्या चादरींचा ढीग असतो, दोघींनी दोन टोकं धरायची आणि घड्या घालायच्या. मध्येच एखादा प्रश्न विचारायचा आणि मग गप्प राहायचं. मुलीला वाटलं तर ती बोलते, नाही वाटलं तर निदान चादरी तरी होतात. कधी कधी अख्खा ढीग संपतो आणि शेवटच्या उशीच्या अभ्र्याला उत्तर येतं. माझ्या आधीच्या बाईंनी मला हेच शिकवलं आणि मी हेच नव्या पोरींना शिकवते.

असंच एकदा घड्या घालताना वकील म्हणाली, "ताई, मी हे एकदाच सांगणार. जिथं सांगून काहीतरी होईल तिथंच. पोलिसांना सांगायला गेले होते, तर त्यांनी आधी बाबांनाच बोलावून घेतलं."

मी उकरत बसले नाही. ज्या मंडळापुढे सांगून काही झालं असतं, ते तर तिला विचारणारच नव्हतं.

आणि मग एक दिवस तो आला. तरुण, नम्र, पाठीला नवी कोरी बॅग, हातात रेकॉर्डर. पूर्णवेळ विद्यार्थी होता. त्यानं माझ्यापुढे प्रश्नावली ठेवली आणि मी बघतच राहिले. प्रश्न माझे होते. क्रम माझा होता. पाचव्या प्रश्नात माझी एक शुद्धलेखनाची चूक होती, तीसुद्धा जशीच्या तशी.

"गाइड मॅडमनी दिला हा विषय," तो म्हणाला. "म्हणाल्या, इतका चांगला विषय वाया जायला नको."

उरलेली भाजी वाटून टाकावी तसा वाटला होता बाईंनी! तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, या मुलानं त्या दिवसापूर्वी निवारागृहाचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं आणि नेमकी हीच त्याची पात्रता होती. तो तटस्थ होता. कमिटीनं त्याला एका बैठकीत परवानगी दिली होती. आता फक्त पालकांची सही हवी होती, म्हणजे माझी.

"नाही देणार," मी म्हटलं.

दाराशी उभं राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची वकिलीणबाईंना सवय होतीच. ती सरळ आत आली आणि त्याला म्हणाली, "तुम्ही लिहाल ते मंडळ वाचणार का?"

"हो. त्यांनी सारांश मागितलाय."

"मग मला बोलायचंय."

"तू थांब," मी म्हटलं. "तुला यातलं काही कळत नाही."

"तुम्हीपण तेच म्हणताय, ताई?"

मी पेन उचललं आणि सही केली. इतक्या रागानं केली की कागद फाटायचाच बाकी होता. मग त्या मुलाला म्हटलं, हे बघ, तिला समोर बसवू नकोस, तिच्याबरोबर चादरींच्या घड्या घाल. आणि विचारलंस की गप्प राहा. वाटेल तितका वेळ गप्प राहा. तो हसला. "मॅडम, अशी घरगुती पद्धत नाही चालत. सगळ्यांना सारखीच परिस्थिती द्यावी लागते." त्यानं माझ्याच ऑफिसात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. पालकानं आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर थांबायचं नाही, हाही नियम. मला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं.

माझा चहा निवायच्या आत वकील बाहेर आली.

"झालं?"

"त्यांचं झालं," ती म्हणाली. "घरी जायचंय का विचारलं त्यांनी. कुठून सुरुवात करू ते मी बघत होते, तोवर पुढचा प्रश्न आला. मग शाळेचं विचारलं, ते सांगितलं." ती हात धुवायला गेली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला. एकदाच सांगणार होती पोर, ती संधी या शहाण्यानं घड्याळ बघत घालवली होती.

पीएच.डी.त दर सहा महिन्यांनी प्रगतीचं सेमिनार द्यावं लागतं आणि ते सगळ्यांना खुलं असतं. त्या मुलाचं सेमिनार मंडळाच्या बैठकीच्या आधीच आलं. मी जायचं ठरवलं. वकील म्हणाली, "माझ्यावरच चाललंय ना? मग मीपण येते." मी तिला घेऊन गेले. शेवटच्या रांगेत बसलो. पहिल्या रांगेत पाहुण्या म्हणून मंडळाच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या.

तो मुलगा छान बोलला. पडद्यावर आलेखाचे रंगीत खांब उभे राहिले. सगळ्यात उंच हिरव्या खांबाखाली लिहिलं होतं, 'घरी परतण्यास हरकत नाही'.

अध्यक्षबाईंनी समाधानानं मान हलवली. "चला, शेवटी एकदाचा तटस्थ अभ्यास झाला," त्या शेजारी बसलेल्या गाइड मॅडमना म्हणाल्या.

मी उभी राहिले. "ज्या मुली त्या प्रश्नाला गप्प राहिल्या, त्या कुठल्या खांबात आहेत?"

"त्यांनी हरकत नोंदवली नाही," तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "म्हणून त्यांची हरकत नाही असं धरलंय."

"धरलंय?" माझा आवाज चढला. "पोरगी तोंड उघडायच्या आत तू पुढचा प्रश्न विचारलास आणि ती घरी जायला तयार आहे असं धरलंस? कुणी सांगितलं तुला धरायला? या खांबावर बोट ठेवून उद्या मुली घरी पाठवतील! गप्प बसलेलं माणूस कबूल झालं असं तुम्ही समाजकार्यात शिकवता? मग आम्ही पदव्या घ्यायच्या कशाला, पोलीसच बरे की!"

"तुम्ही या विषयात हितसंबंधी आहात," मॅडम मागे वळून म्हणाल्या. "प्लीज बसा."

मी बसायच्या आत शेजारची खुर्ची कर्रकन वाजली. वकील उभी राहिली होती.

"त्या हिरव्या खांबात मी आहे," ती म्हणाली. "मला बाहेर काढा."

मग जी काय पळापळ झाली! "ओळख सांगू नकोस!" "गोपनीयता, गोपनीयता!" कुणीतरी मधल्या माइकची वायरच काढली. ज्या लोकांनी आजवर तिला एक धड प्रश्न विचारला नव्हता, ते सगळे तिचं रक्षण करायला धावले आणि रक्षण म्हणजे काय, तर तिनं तोंड उघडता कामा नये. मॅडम माझ्यावर ओरडल्या, "तिला आधी बाहेर न्या! तिच्याच भल्यासाठी सांगतेय. पालक आहात ना तुम्ही?"

"आहे," मी म्हटलं आणि खाली बसले. "पालकांची संमती आहे. बोलू दे तिला."

अध्यक्षबाईंना काय वाटलं कोण जाणे. गोंधळ मिटावा म्हणून असेल किंवा इतकी माणसं बघतायत म्हणून असेल, त्या वळल्या आणि मायेनं म्हणाल्या, "बाळ, तुला घरी जायचं नाही का?"

वकील काही बोलली नाही. पुढच्या खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली होती. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी घड्याळ बघितलं. अध्यक्षबाई पर्स सावरायला लागल्या. तो मुलगा हळूच म्हणाला, "आपण पुढच्या स्लाइडकडे..."

"गप्प बस!" मी ओरडले. "ती बोलतेय!"

पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला. कुणीही हललं नाही. इतकी माणसं एका मुलीसाठी गप्प बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

"माझ्या खोलीला कडी आहे," वकील म्हणाली. "बाहेरून. आतून काहीच नाही. मला बाहेर पडता येत नाही, आणि येणाऱ्याला अडवता येत नाही."

तिनं त्या मुलाकडे बघितलं. त्याच्या हातातलं पेन तसंच होतं.

"लिहा आता," ती म्हणाली.