पेटीतली टकटक

दुरुस्तीवाल्या मुलीने हेडफोन त्याच्या कानांवर चढवले, बटण दाबलं आणि कौतुकाची वाट बघत त्याच्या तोंडाकडे पाहत बसली. जुन्या सिनेमांचा आवाज धुऊनपुसून लख्ख करणं हे तिचं काम. आधी नुसती खरखर आली, मग तिने दुसरं बटण दाबलं तशी खरखर गळून पडली आणि उरला एक श्वास. घशात अडखळत, शीळ घालत वर येणारा. मग टक, टक, टक.

"काका, ही अंगठी लोखंडावर आपटलीय ना? तीस वर्षं सगळे लाकूड समजत होते. आता किती स्वच्छ कळतंय बघा!"

कळत होतं. इतकं स्वच्छ कळत होतं की खुट्टने हेडफोन काढून ठेवले.

खुट्ट हे त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरात कुठे जरा खुट्ट झालं की हा अंथरुणात उठून बसायचा, म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव. पुढे खुट्ट, खाट, चर्र असे आवाज काढणं हाच त्याचा धंदा झाला आणि नाव स्टुडिओतही चिकटलं. पडद्यावर माणूस जिना चढतो, तेव्हा खाली बंद खोलीत जुने बूट घालून खुट्ट जागच्या जागी चालायचा. हाड मोडायचं असलं की गाजर मोडायचा. आणि त्या सिनेमात व्हॅम्पायर बाईच्या मानेत दात रुतवतो, तिथे खुट्टने ओल्या चामड्याच्या पाकिटात अंगठा खुपसला होता. ते ऐकून पहिल्याच खेळाला दोन माणसं उठून बाहेर गेली, याचा त्याला बरीच वर्षं अभिमान होता.

सिनेमा तेव्हा आपटला. चांगला सणकून आपटला. मग दहाएक वर्षांनी कोणाला तो सापडला, त्याने दुसऱ्याला दाखवला, आणि बघता बघता त्याची भक्तमंडळी तयार झाली. ही मंडळी त्याला 'पेटीवाला सिनेमा' म्हणतात, कारण त्यातला व्हॅम्पायर अर्धा वेळ शवपेटीत पडून असतो. त्यांचे अध्यक्ष व्यवसायाने दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना स्वतःलाच हे इतकं गमतीचं वाटतं की दुसऱ्या कोणाला विनोद करायला जागाच उरत नाही. या मंडळींना सिनेमाची कुंडली पाठ आहे. जिन्यावरच्या तसबिरीतली भेसूर बाई म्हणजे कलादिग्दर्शकाची सासू. घोडागाडीवरचा आकडा हा दिग्दर्शकाचा जुना फोन नंबर. एका दृश्यात व्हॅम्पायर तोंड मिटून बोलतो, कारण सुळे निसटून रश्श्यात पडले होते. पेटीचं झाकण लावणारा हात नायिकेचा नाही, सुताराचा आहे.

आणि सगळ्यांचा राजा म्हणजे टकटक. बंद पेटीतून श्वास ऐकू येतो आणि तीनदा टकटक होते. सिनेमात हे तीन वेळा येतं. का? मंडळींकडे याची सतरा उत्तरं आहेत. तीन बळी, तीन बहिणी, तीन जन्म. दिग्दर्शकाला विचारलं की तो मिशीत हसून म्हणायचा, "कळणाऱ्याला कळेल." त्याला स्वतःला काही कळलेलं नव्हतं. कळू न देताच तो बिचारा वरही गेला.

ठाऊक होतं ते एकट्या खुट्टला. आणि ऐकलं तर ताईला ठाऊक होणार होतं.

बाबांची वाचा गेली तेव्हा ताई माहेरी येऊन राहिली होती. बाबांचा एकच हात चालायचा, त्या हातात अंगठी होती, आणि पलंगाला लोखंडी कठडा होता. ताईने त्यातून भाषा बसवली. एक टक म्हणजे हो. दोन म्हणजे कूस बदल. तीन म्हणजे पाणी. पाच महिने ती त्या टकटकीवर जगली. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता तीन टक ऐकू आले की ओल्या हातांनी पेला घेऊन धावायची.

नेमके त्याच दिवसांत दिग्दर्शकाने खुट्टचा जीव खाल्ला होता. "मेलेला नाही आणि जिवंतही नाही, असा श्वास आण." खुट्टने भाता ओढला, रबरी नळीतून फुंकलं, स्वतः गळ्यात कापड कोंबून पाहिलं. दिग्दर्शक सगळ्याला नाक मुरडायचा. मग एका दुपारी ताई औषधं आणायला म्हणून दोन तास बाहेर पडली. "बाबांकडे लक्ष दे रे," म्हणाली. खुट्टने लक्ष दिलं. माइक उशीशी ठेवला, हेडफोन लावले आणि टेप सुरू केली. श्वास असा मिळत होता की अंगावर काटा यावा. तेवढ्यात बाबांनी कठड्यावर तीनदा अंगठी आपटली. टेप चारेक मिनिटांची उरली होती. खुट्टने तळहात वर केला. थांबा.

आणि बाबा थांबले. घरात मुलगा रेकॉर्डिंग करत असला आणि त्याचा हात वर गेला की गप्प बसायचं, हा घरातला जुना नियम होता. बाबांनी तो आयुष्यभर पाळला होता, तेव्हाही पाळला. टेप संपेपर्यंत त्या हाताकडे बघत राहिले. मग खुट्टने पाणी दिलं. अकरा दिवसांनी बाबा गेले. पाणी उशिरा मिळाल्याने गेले नाहीत, हे खुट्टला पक्कं माहीत होतं. माहीत असण्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

टकटक कापायची असं त्याने ठरवलं होतं. पण त्याआधीच दिग्दर्शकाने टेप ऐकली आणि खुर्चीतून उडी मारली. "ही कुठून आणलीस रे? तीन ठिकाणी लाव!" आणि खुट्टने, हे कबूल केलंच पाहिजे, लावली.

"जरा खाली घेता येईल का ही टकटक?" त्याने आता दुरुस्तीवाल्या मुलीला विचारलं. "श्वासात मुरवून टाकली तर?"

"काका, लोक खुर्च्या उपटून माझ्या डोक्यात घालतील."

रविवारी दुपारी नव्या प्रतीचा पहिला खेळ होता आणि त्याआधी मंचावर खुट्टचा सत्कार. एरवी ताई पेटीवाल्या सिनेमाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नसती. झुरळ दिसलं की कॉटवर चढणारी बाई ती. पण भावाचा सत्कार म्हटल्यावर तिने सत्तराव्या वर्षी केस रंगवले. खुट्टने फोन करून सांगितलं, "ताई, फार भयानक आहे गं." ती म्हणाली, "डोळे मिटून घेईन." दुसऱ्या दिवशी सांगितलं, जागाच नाहीत. ती म्हणाली, "मी बोलले त्या दातांच्या डॉक्टरांशी. पहिल्या रांगेत आहेत आपल्या दोघांच्या." तिसऱ्या दिवशी त्याने तीनदा फोन उचलला आणि तीनदा खाली ठेवला. रात्री जेवण जाईना, दिवसा एका जागी बूड टेकेना. डोक्याला नुसता भुंगा लागला होता.

रविवारी सकाळी तो तिच्या घरी गेला, सांगून टाकायचंच म्हणून. ती त्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती.

"ताई, बाबा आजारी होते ना, तेव्हा..."

"आज बाबा हवे होते रे," ताई म्हणाली आणि इस्त्री उभी करून डोळे पुसू लागली. "खुट्टला हार घालताना बघायला हवे होते. काय म्हणत होतास?"

"काही नाही. चहा कर."

थिएटरच्या दारात ती दुरुस्तीवाली मुलगी आत येणाऱ्या प्रत्येकाला एकेक जाडजूड लोखंडी अंगठी वाटत होती. ताईने हौसेने बोटात घातली. "हे कशाला गं?" तिने विचारलं. "कळेल आजी," मुलगी म्हणाली. खुट्टने अंगठी खिशात टाकली. त्याला काय ते कळेना, आणि विचारायचा धीरही होईना. या मंडळींच्या खेळांना तो कधी फिरकलाच नव्हता.

मंचावर दातांच्या डॉक्टरांनी हार घातला, त्यांचा तो दातांचा विनोद केला आणि मग माइक खुट्टपुढे धरला. "आज तरी सांगा. ती टकटक म्हणजे काय?"

खुट्टने खाली पाहिलं. पहिल्या रांगेत ताई मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती आणि भावाकडे बघून हसत होती. त्याच्या तोंडाला अशी कोरड पडली होती की जीभ टाळ्याला चिकटली.

"कळणाऱ्याला कळेल," तो म्हणाला.

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली.

सिनेमा सुरू झाला. सासूची तसबीर आली, लोकांनी तिला हात जोडले. घोडागाडी आली, लोकांनी एका सुरात फोन नंबर म्हटला. ताईला गंमत वाटू लागली. "काय वेडे आहेत रे सगळे," ती कुजबुजली. मग तळघर आलं, मग पेटी. ताईने ठरल्याप्रमाणे डोळे मिटून घेतले. खुट्टने खुर्चीचा हात घट्ट धरला.

श्वास सुरू झाला. धुतलेला, पुसलेला, सगळ्या भिंतींतून एकदम येणारा. आणि मग पडद्यावरच्या टकटकीबरोबर थिएटरातल्या चारशे माणसांनी चारशे लोखंडी अंगठ्या खुर्च्यांच्या लोखंडी हातांवर आपटल्या.

टक. टक. टक.

ताई उठली. डोळे अजून मिटलेलेच होते. तिच्या हाताने पर्समधली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि बाटली समोरच्या अंधारात पुढे धरली. मागून कोणीतरी "आजी, खाली बसा" म्हणालं, तेव्हा तिने डोळे उघडले. पुढे काही नव्हतं. एक पेटी होती, पडद्यावर. श्वास चाललेलाच होता.

ती हळूच खाली बसली. मग भावाकडे वळली.

"मी औषधं आणायला गेले होते, तेव्हाचं?"

"हो."

"लगेच दिलंस ना?"

लगेच, हे उत्तर त्याने तीस वर्षं तयार ठेवलं होतं.

"टेप संपल्यावर," तो म्हणाला. "चार मिनिटांनी."

ताईच्या हातातली बाटली कलंडली, थोडं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. तिने ते पुसलं नाही.

"ही टकटक अजून आहे का पुढे?" तिने विचारलं.

"दोनदा आहे. चल ताई, आपण बाहेर जाऊ."

"तू जा," ताई म्हणाली. बाटलीचं झाकण तिने लावलं नाही. बाटली दोन्ही हातांत धरून ती पडद्याकडे तोंड करून बसली आणि या वेळी तिने डोळे उघडे ठेवले.