राजाच्या मित्राचं काय झालं

भिमाजीचा ड्रायव्हर निमंत्रणपत्रिका घेऊन आला, तेव्हा फक्रुद्दीन श्रीरामपूरच्या आपल्या दुकानात एका मिक्सरची मोटर सोडवत बसला होता. पत्रिका वाचली आणि त्यानं हातातला पाना खाली ठेवला. राहात्याला भिमाजीचं नवंकोरं एसी थिएटर सुरू होणार होतं आणि उद्घाटनाला लागणार होता तोच जुना इंग्रजी पिक्चर, जो दोघांनी एके काळी गावोगाव दाखवला होता. खाली ठळक अक्षरात छापलं होतं, ‘मराठी निवेदन : श्री. फक्रुद्दीन शेख’. आधी विचारून मग छापायची पद्धत भिमाजीकडे कधीच नव्हती.

तीस वर्षांमागे या दोघांची मिळून एक टुरिंग टॉकीज होती. तंबू भिमाजीचा, मशीन फक्रुद्दीनचं. पाथर्डी-शेवगावाकडच्या जत्रा-उरूस त्यांनी पालथे घातले होते. भिमाजी बाहेर तिकिटाच्या खिडकीत बसायचा आणि फक्रुद्दीन आत मशीनवर. इंग्रजी पिक्चर स्वस्तात मिळायचे, पण ते कळायचे कुणाला? फक्रुद्दीनलाही ओ की ठो कळत नव्हतं. तरी हा पठ्ठ्या माईक हातात घ्यायचा आणि पडद्यावरच्या गोऱ्या साहेबांच्या तोंडी खुशाल आपली मराठी घालायचा. साहेब घोड्यावरून उतरून म्हणायचा, “राम राम पाटील, पानी मिळंल का?” पब्लिक फिदा व्हायचं. एक भोंगा तंबूबाहेरही टांगलेला असायचा, त्यामुळे आत पाय न ठेवताही भिमाजीला सगळी गोष्ट ऐकू यायची.

या पिक्चरची गोष्ट अशी. दोन कफल्लक मित्र गलबतात बसून निघतात, वाळवंट तुडवतात आणि परक्या मुलखात त्यातला एक जण राजा होतो. राज्य वाढवता वाढवता त्याला हाव सुटते, तो मित्राचंही ऐकेनासा होतो. मित्र उंटावर बसून निघून जातो. शेवटच्या रिळात रयत उठते, राजा एकटा पडतो, आणि हे कळल्यावर मित्र अर्ध्या वाटेतून माघारी फिरतो. किल्ल्याच्या दारात दोघंही मरतात.

पहिल्याच जत्रेत, बाहेर भोंगा टांगायच्या आधी, हा शेवट दाखवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई नावाची एक म्हातारी तंबूत आली. तिच्या मुलाची ऊसतोडीची टोळी होती, गाड्या परवा निघायच्या होत्या. ऊसतोडीला माणसं जोडीनंच जातात. म्हातारी म्हणाली, “बाबा, दोघं गेली आन् दोघं बी मेली, हे बघून आमच्या पोरांनी कोयता कसा उचलायचा? कायतरी बरं दाव.” फक्रुद्दीनला तिचं पटलं. त्या दिवसापासून त्यानं शेवटचं रीळ डब्यातून बाहेरच काढलं नाही. मित्र उंटावर बसला की तो माईकवर सांगायचा, “मित्र म्हनला, राजा, तू राज्य कर. मी सुखानं माझ्या गावाला चाललो.” की लागलीच दिवे. टाळ्या पडायच्या, माणसं हसतमुखानं घरी जायची. पुढची सहा वर्षं पिक्चर असाच संपत राहिला. भिमाजीला हे सांगायचं मात्र राहूनच गेलं, कारण भाडं सगळ्या रिळांचं भरलं होतं आणि तो नक्की खवळला असता.

मग घरोघरी डिश आल्या आणि तंबू ओस पडले. भिमाजी डगमगणारा गडी नव्हता. त्यानं मंगल कार्यालय काढलं, मग पेट्रोल पंप, मग कोल्ड स्टोरेज. गावच्या कार्यक्रमात भाषणाला उभा राहिला की त्या पिक्चरमधल्या राजाचा दाखला ठरलेला. तो राजा शेवटपर्यंत गादीवर राहिला, माणसानं असं राहावं, हे त्यानं इतक्या स्टेजांवरून सांगितलं होतं की त्याच्या माणसांना तोंडपाठ झालं होतं. आता मुंबईहून आख्खा पिक्चर येणार, चारशे माणसांसमोर तो राजा धुळीत लोळणार, आणि भिमाजीचं हसं होणार. तेही आपल्यामुळे. वर्षाला ईदचा शीरखुर्मा तिकडे जात होता, दिवाळीचा फराळ इकडे येत होता, तेवढी दोस्ती उरली होती. तीही जाईल, या धास्तीनं फक्रुद्दीनचं जेवण सुटलं. शेवटी जरीनानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला सुनावलं की इथं कुढत बसण्यापेक्षा एक दिवस आधी जा आणि काय ते सांगून मोकळा हो.

तो एसटीनं राहात्याला पोचला तेव्हा दुपार होती. भिमाजीनं त्याला मिठी मारली, पोटावर थोपटून बारीक झाल्याबद्दल रागावला आणि हाताला धरून थेट थिएटरात नेलं. भिमाजीला पिक्चर एकदा आधी बघायचा होता, कारण आयुष्यात तो कधी आत बसलाच नव्हता. रिकाम्या हॉलमध्ये दोघंच शेजारी शेजारी बसले. गार हवेत मऊ खुर्चीत बसून फक्रुद्दीनला घाम फुटला होता. पडद्यावर मित्र उंटावर चढला, तेव्हा त्यानं भिमाजीचा हात धरला.

“भिमा, ह्याच्या म्होरं अजून हाय. पयल्या जत्रेनंतर मी कधी दावलंच न्हाई.”

मालनबाईची सगळी हकिकत त्यानं एका दमात सांगून टाकली. भिमाजीनं पिक्चर चालू ठेवायची खूण केली आणि राजा पडताना, मित्र धापा टाकत परत येताना, दोघं किल्ल्याच्या दारात कोसळताना टक लावून बघत राहिला. दिवे लागले तरी तो जागचा हलला नाही. फक्रुद्दीननं मान खाली घातली. आता शिव्या येतील, मग भाषणांचा विषय निघेल, असा त्याचा हिशेब होता.

“मंजी त्यो सुखानं गावाला गेलाच न्हाई?” भिमाजीनं विचारलं.

“न्हाई. ते मी पदरचं घातलं हुतं.”

“आन् तू श्रीरामपूरला जातो म्हनलास तवा?”

तंबू मोडला त्या वर्षी, श्रीरामपूरला जाऊन दुकान टाकतो, असं फक्रुद्दीन म्हणाला होता खरा. ते निम्मं एवढ्याचसाठी, की भिमाजीनं ‘जाऊ नको’ म्हणावं. भिमाजीनं टेम्पो ठरवला, मशीन स्वतः उचलून आत ठेवलं आणि हसत हात हलवला. ती हसरी निरोपाची तऱ्हा फक्रुद्दीनला इतकी लागली होती की जरीनाशिवाय कुणाजवळ तो तिच्याबद्दल बोलला नव्हता. आता मात्र तो बोलला. तू अडवशील असं वाटलं होतं, म्हणाला.

भिमाजी खुर्चीतच त्याच्याकडे वळला. एवढा चार धंद्यांचा मालक, पण लहान मुलासारखा बाहीनं डोळे पुसायला लागला.

“सहा वर्सं, फक्रू. रोज भोंग्यावर तूच सांगायचास, मित्र सुखानं गावाला गेला म्हनून. मला वाटलं, तुला त्येच पायजे. माझं मन मोठं दिसावं म्हनून हासलो मी. तू गेलास आन् मी रिकाम्या खिडकीत बसून लई रडलो.”

मग दोघंही रडले. चांगलं नाक शिंकरून रडले, आणि बाहेर येऊन कटिंग चहावर कटिंग चहा प्यायले. भाषणांचं काय, असं फक्रुद्दीननं भीत भीत विचारलं, तर भिमाजी हसायलाच लागला. ती भाषणं कोण ऐकत होतं, सगळे जेवणाकडे डोळे लावून बसायचे, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हॉल खचाखच भरला. पहिल्या रांगेत पाहुण्यांमध्ये भिमाजीसाठी सोफा मांडला होता, तो रिकामाच राहिला. भिमाजी एक स्टूल घेऊन मागे फक्रुद्दीनजवळ येऊन बसला होता. फक्रुद्दीनचा गळा अजून खणखणीत होता, साहेबानं पाटलाला राम राम घातल्याबरोबर हॉल हसून हसून लोळला. पण उंट आला आणि तो बोलायचा थांबला. माईक हातात नुसताच राहिला. लोक वळून मागे बघायला लागले.

भिमाजीनं त्याच्या हातातून माईक काढून घेतला. उभ्या जन्मात त्यानं निवेदन केलं नव्हतं, त्यामुळे तो जरा जास्तच जोरात बोलला.

“राजानं किल्ल्यावरून हाक मारली. म्हनला, फक्रू, जाऊ नगं.”