गंगीचा उजवा डोळा

सात वर्षं सिस्टर म्हणून राबल्यावर चंपाला पुन्हा विद्यार्थिनी व्हायची हौस आली. अहो, कुणाला कशाची हौस असेल! डोळे, कान आणि वेदना यांच्या शुश्रूषेचा वरचा अभ्यासक्रम होता. लोणावळ्याच्या दवाखान्यातला एक रोगी निवडून रोजचं टिपण ठेवायचं होतं. तिनं गंगीला निवडलं.

गंगी तिकोणा पेठेच्या वरल्या वाडीची, पंचेचाळिशीची, ओकाऱ्या होतात म्हणून दाखल झालेली. उजवा डोळा लाल होता, पण डॉक्टरांचं सगळं लक्ष पोटाकडे. लाली चुलीच्या धुराची, म्हणाले. तिची आई भागूबाई खाटेला चिकटून बसलेली असायची.

"डोळा, डोकं दुखतंय का?"

"न्हाई," गंगी म्हणायची. दातांवर दात दाबून म्हणायची, तरी चंपानं तीन दिवस 'वेदना: नाही' असंच लिहिलं. रोगी बोलेल तेच लिहायचं, असं शिकवलं होतं ना! चंपा वर्गात हुशार होती, तेच नडलं.

चौथ्या दिवशी सकाळी भागूबाई चहा प्यायला बाहेर गेली आणि चंपा गंगीचे केस विंचरायला बसली. उजव्या कानशिलावरची बट उचलली, तर खाली ताजा डाग. विळ्याचं टोक तापवून दुखेल तिथं चटका देतात, तो. चंपा जवळच्याच कुसगावची, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गंगीनं तिचं मनगट धरलं.

"आईला नगा सांगू, बाई. दुखतंय म्हनलं की पुन्यांदा डागंल. पयल्याच डागाला जीव चाललाता माजा."

"म्हणजे दुखतंय?"

"डोळ्यात कुनी पहार घालतंय जनू."

चंपानं दोन्ही पापण्या मिटवून वरून बोटांनी चाचपलं. डावा डोळा मऊ, उजवा सुपारीसारखा कडक. डावा झाकून बोटं मोजायला सांगितली. गंगीला बोटंच दिसेनात. काचबिंदू! डोळ्यातला दाब चढला होता, आणि ओकाऱ्याही त्याच्याच. ती धावतच डॉक्टरांकडे गेली, आणि तीन दिवस आपण काय लिहीत होतो तेही सांगून टाकलं. त्यांनी तिला चांगलं फैलावर घेतलं, स्वतःलाही दोन शब्द सुनावले, आणि दुपारच्या आत गंगीला घेऊन जीप पुण्याला पिटाळली.

पुढच्या रविवारी चंपा पुण्याला गेली. शस्त्रक्रिया झाली होती. उजव्या डोळ्याचं दुखणं थांबलं, पण नजर गेली ती गेलीच. पुढेमागे त्याच वाटेनं गेला असता तो डावा तेवढा वाचला. भागूबाई व्हरांड्यातल्या बाकावर एकटी बसली होती.

"बाई, खरं सांगा. म्या डागलं म्हनून पोर गप ऱ्हायली का?"

थाप मारता आली असती. म्हातारी निदान दोन घास सुखानं जेवली असती. चंपाला तिची दया आली, आणि तितकाच रागही आला, तिचा आणि स्वतःचा.

"होय, मावशी. तुमच्या भीतीनं ती बोलली नाही. मला तिचा डोळा दिसत होता, तरी मी तिचं बोलणंच लिहीत बसले. आपण दोघींनी घालवला तो."

भागूबाईनं पदर तोंडाला लावला. मग थोडी सरकली आणि बाकावर हातानं जागा दाखवली.

"बसा," म्हणाली.

चंपा बसली.